अर्ज मुलांचा, मदत मोठ्यांची

बारावीनंतरच्या प्रवेशाविषयी घराघरांत जी चर्चा चालते, ती बहुधा गुणांभोवती फिरते. किती टक्के पडतील, सीईटीत किती पर्सेंटाइल मिळेल, गेल्या वर्षी अमुक महाविद्यालयाची यादी कितीवर थांबली होती, हे सारे प्रश्न रास्तच आहेत. परंतु गुण आणि प्रवेश यांच्या मधे आणखी एक गोष्ट असते आणि तिच्याकडे शेवटच्या आठवड्यापर्यंत फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे अर्ज. दाखल्याची मुदत संपली म्हणून उत्तम गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याची गणना खुल्या प्रवर्गात होते, चुकीचा विषय निवडला म्हणून हव्या त्या अभ्यासक्रमाचे दार बंद होते, किंवा परीक्षा दिली म्हणजे प्रवेशाचा अर्जही झाला या समजुतीत दुसऱ्या अर्जाची तारीख उलटून जाते. दोन वर्षांचा अभ्यास अशा एखाद्या रकान्यात अडकून पडतो.

पूर्वी छापील माहितीपुस्तिका विकत घेऊन शाईने अर्ज भरावा लागे आणि तो घेऊन रांगेत उभे राहावे लागे. ते दिवस सुखाचे होते असे नाही. पण खिडकीपलीकडचा कारकून अर्ज चाळून ‘येथे सही राहिली’, ‘हा दाखला चालणार नाही’ एवढे तरी सांगत असे. संगणक ते सांगत नाही. रकान्यात बसेल अशी कोणतीही नोंद तो निमूटपणे स्वीकारतो आणि चूक उघड होते ती कागदपत्रांच्या पडताळणीच्या वेळी. म्हणूनच अर्ज भरताना शेजारी जाणती व्यक्ती असणे अगत्याचे झाले आहे. शिकलेल्या घरांत ही मदत सहज मिळते. ज्या घरातून पहिलेच मूल महाविद्यालयाची पायरी चढते आहे, तेथे मात्र ही जबाबदारी शिक्षकांवर किंवा शेजारच्या कोणा ताई-दादावर येते. तीही नसली, तर ती सेवा केंद्रातील अनोळखी माणसावर जाते. ही मदत नेमकी कोठे आणि कशी करावी, याचा हा विचार.

परीक्षेचा अर्ज वेगळा, प्रवेशाचा वेगळा

सर्वांत मोठा गोंधळ येथेच होतो. आपल्याकडील बहुतेक प्रवेशप्रक्रिया दोन टप्प्यांच्या आहेत. पहिला अर्ज प्रवेश परीक्षेला बसण्यासाठी असतो. दुसरा अर्ज त्या परीक्षेतील गुणांच्या आधारे जागा मागण्यासाठी असतो आणि तो निराळ्या ठिकाणी, निराळ्या मुदतीत करावा लागतो.

केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी २०२२ मध्ये ‘सीयूईटी’ ही सामाईक परीक्षा सुरू झाली. ती राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए घेते. या परीक्षेच्या अर्जात विद्यार्थी विद्यापीठांची नावे निवडतो, त्यामुळे तेथे आपला प्रवेश अर्ज पोहोचला असा त्याचा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. दिल्ली विद्यापीठात जायचे असेल, तर त्या विद्यापीठाच्या सामाईक जागावाटप प्रणालीत स्वतंत्र नोंदणी करून महाविद्यालय व अभ्यासक्रम यांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. जवाहरलाल नेहरू विद्यापीठासाठीही पुन्हा वेगळी नोंदणी असते.

महाराष्ट्रातही हेच आहे. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र व कृषी या शाखांसाठी राज्य सीईटी कक्ष एमएचटी-सीईटी घेतो. परंतु त्या परीक्षेचा निकाल हाती आल्यावर केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेसाठी, म्हणजे ‘कॅप’साठी, पुन्हा नोंदणी, कागदपत्रांची छाननी व पसंतीक्रम असे टप्पे पार करावे लागतात. वैद्यकीय शाखांची ‘नीट’ परीक्षा देशभर एकच असली, तरी अखिल भारतीय कोट्यातील १५ टक्के जागांसाठी आणि राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेखाली आलेल्या बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांसाठी राज्यात २०२४पासून सीईटी सुरू झाली. पूर्वी बारावीच्या गुणांवर थेट महाविद्यालयात प्रवेश मिळत असल्याने मोठ्या भावंडांच्या अनुभवावर विसंबणाऱ्या घरांना या बदलाचा अंदाज येत नाही. कला, वाणिज्य, विज्ञान या पारंपरिक शाखांतही मुंबई विद्यापीठासारख्या ठिकाणी महाविद्यालयाच्या अर्जाआधी विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

त्यामुळे मदतीची पहिली पायरी अगदी साधी आहे. एका मोठ्या कागदावर तीन स्तंभ आखावेत: परीक्षा, प्रवेशाची नोंदणी आणि शुल्कसवलत वा शिष्यवृत्ती. विद्यार्थ्याला ज्या ज्या ठिकाणी जायचे आहे, त्या प्रत्येकाची तारीख तिन्ही स्तंभांत लिहावी. जो स्तंभ रिकामा राहील तेथे धोका आहे असे समजावे. आणि या तारखा समाजमाध्यमांवरील निरोपांतून नव्हे, तर त्या त्या वर्षाच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतूनच घ्याव्यात. नियम वर्षागणिक बदलतात. मागील वर्षीची पुस्तिका मार्गदर्शक असते, प्रमाण नसते.

विषय निवडतानाच अर्धा निर्णय होतो

सीयूईटीच्या अर्जात विषय निवडावे लागतात. २०२५च्या परीक्षेत भाषा, मुख्य विषय व सामान्य क्षमता चाचणी मिळून ३७ विषय उपलब्ध होते आणि एका विद्यार्थ्याला जास्तीत जास्त पाच विषय घेता येत होते. भाषांच्या यादीत मराठीही आहे. हा रकाना विद्यार्थी घाईने भरतात. ‘सोपे जातील ते विषय’ एवढाच विचार असतो. खरे तर अभ्यासक्रमांची दारे येथेच उघडतात किंवा मिटतात. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राची ऑनर्स पदवी घ्यायची असेल, तर गणित घ्यावे लागते. शिवाय बारावीला अभ्यासलेल्या विषयांतच ती परीक्षा दिलेली असावी, असा त्या विद्यापीठाचा दंडक आहे. दुसऱ्या विद्यापीठाची अट वेगळी असू शकते.

एमएचटी-सीईटीतही गणिताचा गट आणि जीवशास्त्राचा गट वेगळे आहेत. ज्याला अभियांत्रिकीची शक्यता खुली ठेवायची आहे, त्याला गणिताचा गट टाळता येणार नाही. म्हणून अर्ज उलट्या बाजूने भरावा. आधी हवे असलेले तीन-चार अभ्यासक्रम लिहावेत, त्यांच्या पात्रतेच्या अटी वाचाव्यात आणि मग त्यांतून विषय ठरवावेत. येथे मोठ्यांनी अटी शोधायला मदत करावी; निवड मात्र मुलाची असावी.

नाव, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक

मराठी नावांची एक खास अडचण आहे. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव व वडिलांचे नाव. आधार कार्डावर बहुधा स्वतःचे नाव आधी असते. आईचे नाव कोठे असते, कोठे नसते. त्यात रोमन लिपीत लिहिताना ‘आ’साठी एक ‘ए’ की दोन, ‘व’साठी ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, असे भेद प्रत्येक कागदावर निराळे पडतात. अर्जात दहावीच्या प्रमाणपत्राबरहुकूम नाव आणि जन्मतारीख लिहिणे हाच सर्वसाधारण सुरक्षित मार्ग असतो. आणि आधार कार्डावरील नोंद त्याच्याशी जुळत नसेल, तर ती अर्जाच्या मोसमाआधीच दुरुस्त करून घ्यावी. अकरावीच्या उन्हाळी सुटीत हे काम निवांतपणे होते. मे महिन्यात, प्रवेशाच्या धामधुमीत, तेच काम डोंगराएवढे होते.

मोबाइल क्रमांक आणि ई-मेल यांचे महत्त्व तर फारच वाढले आहे. पासवर्ड बदलायचा असो वा जागा स्वीकारायची असो, सांकेतिक क्रमांक त्याच मोबाइलवर येतो. अनेक विद्यार्थी सेवा केंद्रात अर्ज भरतात आणि घाईत केंद्रचालकाचा क्रमांक किंवा त्याने तयार केलेला ई-मेल पत्ता नोंदवला जातो. पुढे दुरुस्तीची मुदत मिळाली, तरी मोबाइल क्रमांक व ई-मेल यांसारख्या नोंदी सहसा बदलता येत नाहीत. मग प्रत्येक फेरीला विद्यार्थी त्या केंद्राच्या दारात उभा. सेवा केंद्रात जाण्यात गैर काही नाही; पण क्रमांक घरातलाच असावा, पासवर्ड वहीत लिहून ठेवावा, शेवटचे ‘सबमिट’ करण्यापूर्वी संपूर्ण अर्ज विद्यार्थ्याने स्वतः वाचावा आणि भरलेल्या अर्जाची व शुल्काच्या पावतीची प्रत बरोबर घेऊनच बाहेर पडावे.

दाखल्यांचे वेळापत्रक वर्षभर आधीचे

अर्ज भरण्यास तासभर लागतो. त्याला जोडायच्या कागदांना कित्येक महिने लागू शकतात. वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र अशी ही साखळी आहे आणि तिच्यातील एक कडी दुसरीवर अवलंबून असते.

यांत सर्वाधिक वेळ जात वैधतेला लागतो. जातीचा दावा सिद्ध करताना ठरावीक दिनांकापूर्वीचे पुरावे महत्त्वाचे मानले जातात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, तर इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे ते दिनांक होत. म्हणजे आजोबांच्या, प्रसंगी पणजोबांच्या शाळेची जुनी नोंद शोधावी लागते. ती शाळा गावाकडे, कुटुंब शहरात. असे काम प्रवेशाच्या पंधरवड्यात होण्याजोगे नसते. ज्यांना बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे आहे, त्यांनी अकरावीतच महाविद्यालयामार्फत पडताळणीचा प्रस्ताव दाखल करावा.

दुसरी गोष्ट मुदतीची. राज्यातील अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. मोठ्या बहिणीच्या वेळी काढून कपाटात जपलेला दाखला दाखवून भागत नाही. तो प्रत्येकाच्या नावे आणि वैध मुदतीतलाच हवा.

तिसरी गोष्ट केंद्र व राज्य यांतील भेदाची. येथे शिकलेली माणसेही फसतात. राज्याचे इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्रीय विद्यापीठात चालत नाही. तेथे केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते आणि जातीचे नाव केंद्रीय यादीत असावे लागते. राज्याच्या यादीतील प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असे नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे महाराष्ट्राचे वेगळे प्रवर्ग केंद्रात त्या नावाने नाहीत. त्यांतील ज्या जाती केंद्रीय यादीत आहेत, त्या बहुतेक तेथे इतर मागासवर्गात मोडतात. राज्याने २०२४च्या कायद्याने सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गाला दिलेले १० टक्के आरक्षणही राज्यापुरते आहे. राज्यात आणि केंद्रात दोन्हीकडे अर्ज करणाऱ्याने दोन नमुन्यांची तयारी ठेवावी.

हे दाखले ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेवा केंद्रातून मागता येतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५नुसार अधिसूचित सेवांना कालमर्यादा ठरवून दिलेली आहे आणि ती पाळली गेली नाही तर अपील करता येते. म्हणून अर्जाची पोचपावती जपून ठेवावी. तोंडी पाठपुराव्याला दप्तरी नोंद नसते.

येथे पैशाचाही प्रश्न गुंतलेला आहे. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत दिली. परंतु व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ती लागू नाही. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. फेरी चुकली म्हणून घाबरून थेट महाविद्यालयात पैसे भरून जागा घेणारे कुटुंब पुढील सर्व वर्षांची सवलत त्याच क्षणी गमावते. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर वेगळा अर्ज करावा लागतो, हेही विसरू नये.

पसंतीक्रम: हिशेब नको, इच्छा लिहा

महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना पालक गणिते मांडू लागतात. ‘तेथे आपला नंबर लागणार नाही, मग पहिला क्रमांक कशाला वाया घालवायचा?’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो चुकीचा आहे. संगणक गुणवत्तेच्या क्रमाने एकेक विद्यार्थी घेतो आणि त्याच्या यादीत वरून खाली येत उपलब्ध असलेली पहिली जागा त्याला देतो. वरची अवघड जागा मिळाली नाही म्हणून खालच्या जागेवरील त्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही. क्रम मनापासून हव्या असलेल्या जागांचाच असावा. मात्र यादी आखूड ठेवू नये. शेवटी अशा जागा असाव्यात, ज्या मिळण्याची खात्री आहे आणि ज्या मिळाल्यास विद्यार्थी खरोखर तेथे जाईल.

यातील दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. २०२५च्या अभियांत्रिकी प्रवेशात चार फेऱ्या ठेवल्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर ती स्वीकारणे बंधनकारक होते. दुसऱ्या फेरीत हेच बंधन पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना लागू होते. अशा नियमांत वरच्या ओळीत ‘भरायचे म्हणून’ भरलेले नाव महागात पडते. यादी तयार झाल्यावर प्रत्येक नावापुढे मुलाला एकच प्रश्न विचारावा: हीच जागा मिळाली तर आनंदाने जाशील का? उत्तर देताना तो अडखळला, तर ते नाव खाली सरकवावे.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागते तेव्हा काम संपले असे मानून अनेक जण निर्धास्त होतात. वास्तविक ती यादी हरकती नोंदवण्यासाठीच असते. प्रवर्ग, गुण, जन्मतारीख, लिंग यांतील चूक त्या दोन-तीन दिवसांतच दुरुस्त होऊ शकते. जागा मिळाल्यावरही ती ठरलेल्या मुदतीत स्वीकारून, शुल्क भरून, महाविद्यालयात हजर व्हावे लागते. केवळ यादीत नाव येणे म्हणजे प्रवेश नव्हे.

स्वतःविषयी लिहिण्याचा रकाना

काही खासगी विद्यापीठे आणि परदेशी विद्यापीठे विद्यार्थ्याकडून स्वतःविषयी निवेदन मागतात. मदत आणि लबाडी यांतील सीमा येथे सर्वांत पुसट होते. ब्रिटनमधील विद्यापीठांचे अर्ज ‘यूकॅस’ या एकाच संस्थेमार्फत जातात. २०२६च्या प्रवेशांपासून तिने जुन्या सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न ठेवले: हा विषय का शिकायचा आहे, आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली आणि वर्गाबाहेर काय केले. एकूण मर्यादा ४,००० अक्षरांची, तर प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचे हवे. आलेला मजकूर इतर अर्जांशी ताडून पाहण्याची यंत्रणाही या संस्थेकडे आहे.

हे तीन प्रश्न कोणत्याही निवेदनासाठी उपयोगी आहेत. मदत करणाऱ्याने लेखणी हाती घेऊ नये; प्रश्न विचारावेत. ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ असे मुलाने लिहिले, तर ‘कशावरून?’ असे विचारावे. मग तो सांगतो, की घरातला बंद पडलेला मिक्सर त्याने उघडून पाहिला होता, किंवा शेतातल्या मोटारीचे बिल दर महिन्याला तोच तपासतो. तेच लिहायचे असते. आपल्या मुलांना घरकाम, दुकानावर बसणे, धाकट्या भावंडाचा अभ्यास घेणे या गोष्टी सांगण्याजोग्या वाटत नाहीत. त्या तशा आहेत, हे त्यांना पटवून देणे हीच मोठ्यांची खरी मदत. भाषेच्या चुका दाखवाव्यात, वाक्ये मात्र त्याचीच राहू द्यावीत. विकत आणलेले किंवा यंत्राकडून लिहून घेतलेले निवेदन मुलाखतीतल्या पहिल्याच प्रश्नाला उघडे पडते.

शाळा-महाविद्यालयांनी एवढे करावे

वर्षातून एक मोठे मार्गदर्शन शिबिर भरवून पाहुण्यांचे भाषण ठेवण्यापेक्षा छोटी कामे अधिक उपयोगाची ठरतात. अकरावीच्या दुसऱ्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याची कागदपत्रे एकदा तपासून ज्याचे जे नाही त्याची यादी त्याच्या हाती द्यावी. बारावीत दिवाळीनंतर संगणक कक्ष शनिवारी दुपारी उघडा ठेवून दोन शिक्षक तेथे बसावेत. गेल्या वर्षी या प्रक्रियेतून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना बोलवावे. त्यांच्या चुका ताज्या असतात आणि ते त्या मोकळेपणाने सांगतात. छायाचित्र व सही ठरलेल्या आकारात तयार करून देणे, डिजिलॉकरचे खाते उघडून देणे ही कामे क्षुल्लक दिसतात, परंतु रात्री अकरा वाजता संकेतस्थळ मंदावलेले असताना त्यांच्यापायीच अर्ज अडतो. अखेरच्या दिवसाच्या तीन दिवस आधी अर्ज पूर्ण झाला पाहिजे, हा नियम शाळेने स्वतःच घालून द्यावा.

पालकांसाठी एकच सूचना. मुलाच्या हातून माऊस काढून घेऊ नका. तुम्ही भराल तर अर्ज लवकर होईल, हे खरे. पण पुढची तीन-चार वर्षे परीक्षेचा, वसतिगृहाचा, शिष्यवृत्तीचा अर्ज त्यालाच भरायचा आहे. त्याला भरू द्या, तुम्ही दाखला हातात धरून एकेक अक्षर ताडून पाहा आणि मग अर्ज त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. डोळ्यांना न दिसलेली चूक अनेकदा कानाला कळते.